पवनार ते मूर्तिजापूर : साइडकार जोडलेल्या जुन्या गाड्यांसोबत

शुक्रवार : पवनार, आर्वी, कौंडण्यपूर

धाम नदीच्या पुलाशी सकाळी सातला जमायचं ठरलं होतं. पौषातली थंडी होती, तरी साडेसहापासूनच एकेक गाडी येऊन लागली. आमची बीएसए एम-२० ही जुनी ब्रिटिश मोटरसायकल, दोन बुलेट (एक १९६० च्या दशकातली, दुसरी बरीच अलीकडची), एक येझदी आणि एक बजाज स्कूटर. पाचही गाड्यांना डाव्या अंगाला साइडकार, म्हणजे माणूस बसवायचा एका चाकाचा डबा. मागे हत्यारं, जॅक, ट्यूबा आणि वेल्डिंगच्या कांड्या घेऊन छोटा हत्ती. स्कूटर वहिनी चालवणार होत्या. माझ्या साइडकारमध्ये आई बसणार होती.

आईला मोटरसायकलवर मागे बसून कितीतरी वर्षं झाली. गुडघे दुमडत नाहीत, पाय टाकून बसणं तर सोडाच. साइडकारमध्ये मात्र ती खुर्चीत बसावी तशी बसते, पाय लांब करते, शाल गुंडाळते आणि रस्ताभर बोलते. एम-२०ला साइडकार जोडायचं मी ठरवलं ते याच कारणासाठी.

गाडीविषयी थोडं सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेसाठी सव्वा लाखाहून जास्त एम-२० बनल्या. युद्धानंतर भारतात उरलेल्या लष्करी गाड्या लिलावात निघाल्या. आमची गाडी हिंगणघाटकडच्या एका जिनिंगच्या आवारात सरकीच्या ढिगामागे उभी होती, इंजिन जाम. ४९६ सीसीचं साइड व्हॉल्व्ह (झडपा सिलिंडरच्या बाजूला असलेलं) इंजिन, ८२ मिलिमीटर बोअर, ९४ मिलिमीटर स्ट्रोक. ताकद जेमतेम तेरा घोड्यांची, पण ती खालच्या आरपीएमलाच मिळते. साइडकार ओढायला तेच लागतं. कॉम्प्रेशन पाचाच्या आसपास असल्यामुळे पेट्रोल कसलंही चालतं.

सिलिंडरला स्लीव्ह घालून बोअर केला. मॅग्नेटो म्हणजे इंजिनला ठिणगी पुरवणारं छोटं जनित्र. त्याचं आर्मेचर, म्हणजे तारा गुंडाळलेला फिरता भाग, पंपाच्या मोटारी भरणाऱ्या एका कारागिरानं भरून दिलं. जुन्या मॅग्नेटोत तारांवर लाखेचा लेप असतो. उन्हाळ्यात तो वितळतो आणि आर्मेचर आतल्या आत चिकटून बसतं. विदर्भाच्या उन्हात हे हमखास होतं. नव्या भरणीत लाखेऐवजी दुसरा लेप वापरला. पुढच्या गर्डर फोर्कचे बुश फॉस्फर ब्रॉंझचे, वर्ध्यातल्या लेथवर कातलेले. त्याच लेथवर दिवसभर थ्रेशरचे शाफ्ट होतात. साइडकारचा डबा धान्याच्या कोठ्या बनवणाऱ्या पत्र्याच्या कारागिरानं ठोकला. गादी पिंजाऱ्याकडून भरून घेतली, आत वर्ध्याचाच कापूस. आणि टायर? एम-२०चं चाक १९ इंची, बुलेटचं टायर जसंच्या तसं बसतं. साइडकारलाही त्याच मापाचं चाक लावलं, म्हणजे तिन्ही चाकांना मिळून एकच जास्तीचं टायर पुरतं.

वर्ध्यातून आंजी, खरांगणा करत आर्वीचा रस्ता धरला. दोन्हीकडे कपाशी, मधूनमधून तूर. वेचणीचे शेवटचे दिवस होते. कापसाचे ट्रॅक्टर रस्त्याच्या मधून चालतात, त्यांच्यामागून ताशी चाळीसच्या वर जाता येत नाही आणि जावंसंही वाटत नाही. या गाड्यांचा तोच वेग आहे.

खरांगण्याला चहासाठी थांबलो तर पंचवीस-तीस माणसं गोळा झाली. एका आजोबांनी साइडकारच्या नाकावर हात फिरवला. "आमच्या बुढ्यानं अशी पाह्यली होती, सायबाजवळ. कुत्रं बसे जी त्याच्यात." मग आईकडे पाहून म्हणाले, "मायले बसवलं, हे बेस केलं." शाळेला निघालेल्या दोन पोरांना येझदीच्या साइडकारमध्ये बसवून गावाच्या टोकापर्यंत फिरवून आणलं. त्यानंतर रांगच लागली, निघायला अर्धा-पाऊण तास उशीर झाला.

आर्वीनंतर वर्धा नदी ओलांडली की कौंडण्यपूर. रुक्मिणीचं हे माहेर. इथूनच श्रीकृष्णानं तिला रथात बसवून नेलं असं सगळा वऱ्हाड मानतो. आषाढीला इथून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला जाते. देवळाच्या पायऱ्यांशी गाड्या लावल्या तेव्हा ओटी विकायला बसलेल्या बाई म्हणाल्या, "आज पाच रथ आले, मायबाई." आईनं त्यांच्याकडून ओटी घेतली आणि मंदिरात जाऊन आली, तोवर मी चेनला तेल दिलं.

मुक्काम एका मित्राच्या शेतातल्या गोठ्यावर. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, वरण, वांग्याची भाजी. रोडगा फोडून त्यात तूप ओतल्यावर कुणी गाड्यांविषयी बोलेना.

शनिवार : कौंडण्यपूर, अमरावती, परतवाडा

कुऱ्ह्यापर्यंत सगळं ठीक होतं. त्यानंतर जुनी बुलेट चालवणारा दादा हात करून थांबला. हँडल डावीकडे ओढत होतं. थोडं ओढणं असतंच. साइडकारच्या गाडीला थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) दिला की मोटरसायकल पुढे पळू पाहते, साइडकार मागे राहू पाहते, गाडी डावीकडे वळते. ब्रेक लावला की उलट, साइडकार पुढे रेटते आणि गाडी उजवीकडे जाते. चालवणाऱ्याच्या हाताला ही सवय लागते. पण दादाची गाडी समान वेगातही सरळ धरत नव्हती.

खाली वाकून पाहिलं. साइडकार मोटरसायकलला चार ठिकाणी धरलेली असते, दोन खाली, दोन वर. मागची खालची पकड चौकटीच्या नळीवर सरकली होती आणि तिच्या कानाला केसाएवढी चीर गेली होती. गाडी रिकामी असती तर तारेनं बांधून हळूहळू नेता आली असती, पण साइडकारमध्ये दादाचा मुलगा होता. मुलाला छोट्या हत्तीत बसवलं, पकडीला दुहेरी तार आणि एक जादा क्लॅम्प लावला आणि साइडकारमध्ये वजनाला ढेपेचं पोतं टाकलं. रिकामी साइडकार डाव्या वळणावर उचलते, म्हणून काहीतरी वजन हवंच. सरकीची ढेप वऱ्हाडात कुठल्याही गावात मिळते, घरंगळत नाही, आणि प्रवास संपल्यावर कुणाच्या तरी म्हशीला उपयोगी पडते.

अमरावतीत न थांबता वलगाव गाठलं. पेढी नदीच्या पुलावर मात्र सगळे थांबलो. २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ या नदीच्या पुलावर देह ठेवला. दादाच्या मुलाला हे ठाऊक नव्हतं. त्याला आईनं सांगितलं, खराट्यापासून सगळं.

परतवाड्याला पोचलो तेव्हा चार वाजले होते. शेतीची अवजारं दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींची शेड गावाबाहेर आहे. बाहेर नांगराचे फाळ, रोटाव्हेटरची पाती, उसवलेली ट्रॉली. आत जुना लेथ. मिस्त्रींचं वय सत्तरीच्या पुढचं. त्यांनी पकड सोडवून हातात घेतली, चिरेवरून नख फिरवलं आणि बाजूला ठेवली.

"याले वेल्डिंग नाई मारायचं. बीड हाय हे. आज जुळन, उद्या घाटात तुटन. नवी करून देतो."

ओतीव बिडाचा भाग वेल्डिंगनं जोडला की जोडाच्या शेजारीच पुन्हा तडकतो, हे पुस्तकात वाचलं होतं. इथे एका माणसाच्या नखानं ते ओळखलं. त्यांनी पोलादाचा तुकडा शोधला, मधून कापला, दोन्ही अर्धे एकत्र बांधून लेथवर बोअर केले. नळीच्या मापापेक्षा किंचित कमी ठेवलं, म्हणजे बोल्ट आवळल्यावर पकड नळीला चावून बसते. भोकं पाडली, आटे पाडले, कडा घासून गोल केल्या. कडा धारदार राहिली की चीर तिथूनच सुरू होते. हे सगळं होईपर्यंत शेडमध्ये बल्ब लागले होते.

मग जुळवणी. हा भाग मला सगळ्यात आवडतो, आणि साइडकारची गाडी बिघडते ती बहुतेक वेळा इथेच. दोन सरळ चौकोनी पाइप घ्यायचे. एक मोटरसायकलच्या दोन्ही चाकांना टेकवायचा, दुसरा साइडकारच्या चाकाला. दोन्हींमधलं अंतर मागे मोजायचं, पुढे मोजायचं. पुढचं अंतर साधारण पाऊण इंचानं कमी हवं, म्हणजे साइडकारचं चाक किंचित मोटरसायकलकडे पाहतं. अंतर समान ठेवलं तर गाडी सारखी डावीकडे ओढते, जास्त आत वळवलं तर टायर महिन्याभरात खरडून निघतं. दुसरं माप झुकण्याचं. मोटरसायकल साइडकारपासून एक-दोन अंश बाहेर, म्हणजे उजवीकडे झुकलेली हवी, कारण रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात. माणूस बसल्यावर ती जवळजवळ उभी होते. तिसरं, साइडकारचं चाक मोटरसायकलच्या मागच्या चाकाच्या थोडं पुढे हवं, नाहीतर उजव्या वळणावर गाडी साइडकारच्या नाकावर कलंडू पाहते.

मिस्त्रींनी साइडकार आधी कधी जोडली नव्हती. मी माप सांगितलं, कारण सांगितलं. त्यांनी मान हलवली, आतून गवंडीकामाचा ओळंबा आणला आणि दादाला गाडीवर, मुलाला साइडकारमध्ये बसवूनच माप घ्यायला लावलं. "माणूस बसल्यावर स्प्रिंगा दबते नं? मंग रिकाम्या गाडीचं माप कोनाले पाह्यजे?" साइडकार जोडणारे जाणकारही वजन ठेवूनच माप घ्यायला सांगतात. मिस्त्री तिथे स्वतःच्या डोक्यानं पोचले.

जुन्या गाड्यांचे काही शौकीन त्यांना फक्त प्रदर्शनासाठी उभ्या करतात. क्रोम चकाकतं, टाकीत पेट्रोल नसतं. मला ते अजिबात पटत नाही. गाडी चालली नाही तर पकड सरकत नाही, पकड सरकली नाही तर मिस्त्रींना ती करून बघायला मिळत नाही, आणि हे काम ज्या हातांना जमतं ते हात हे काम न करताच म्हातारे होतात. इंग्लंडहून पार्सलनं मागवलेली पकड दादाच्या गाडीला बसली असती. पण दुसऱ्या दिवशी घाट होता, पार्सल नव्हतं. मिस्त्री होते.

मजुरी विचारली तर त्यांनी आकडा सांगितला तो आम्हाला कमी वाटला. जास्त देऊ लागलो तर घेतले नाहीत. "वरून उतरले की मले एक चक्कर मारा," एवढंच म्हणाले.

रविवार : परतवाडा ते चिखलदरा

अंतर तीसेक किलोमीटर, पण सगळा प्रवास याच तीस किलोमीटरसाठी आखला होता. धामणगाव गढीपर्यंत रस्ता सपाट, मग सातपुड्याची गाविलगड रांग सुरू होते.

साइडकारची गाडी वळणावर झुकत नाही. मोटरसायकल चालवणाऱ्याला हे पहिल्यांदा भयंकर अवघड जातं. अंग झुकवून काही होत नाही, हँडल ओढूनच वळवावं लागतं, ट्रॅक्टरसारखं. घाटात प्रत्येक वळणाचा स्वभाव वेगळा. डावं वळण आलं की आधीच वेग उतरवायचा, साइडकारमधल्या माणसानं डावीकडे बाहेर झुकायचं आणि मग बेतानं थ्रॉटल द्यायचा. थ्रॉटलची ओढ डावीकडेच असते, ती वळायला मदत करते. उजव्या वळणाला थ्रॉटल सोडायचा, गाडी आपोआप उजवीकडे येते. दोन वळणांनंतर आई माझ्या सांगण्याआधीच डावीकडे झुकू लागली. "तुझा आवाज बदलला की मला समजतं," म्हणाली. गाडीचा आवाज म्हणायचं होतं तिला.

येझदीचा चढावर दम कमी पडला. दोन स्ट्रोकचं २५० सीसी इंजिन, ताकद वरच्या फेऱ्यांना, आणि मागे साइडकारचं ओझं. पण तिचा मालक हुशार. त्यानं निघण्याआधी पुढचं स्प्रॉकेट लहान बसवलं होतं, त्यामुळे सपाटीवर मागे पडणारी येझदी इथे दुसऱ्या गिअरमध्ये न थांबता चढली. एम-२० तापली. साइड व्हॉल्व्ह इंजिनात जळालेला गरम वायू सिलिंडरच्या अंगातूनच बाहेर जातो, चढावर हळू चालताना वारा कमी मिळतो. शिवाय हँडलवरच्या खटक्यानं इग्निशन मागे ओढलेलं राहिलं, म्हणजे ठिणगी उशिरा पडत राहिली, तर उष्णता आणखी वाढते, म्हणून चढावर खटका जितका पुढे राहील तितका ठेवायचा. मोथ्याला थांबून इंजिन निववलं. तिथे गवळ्यांच्या घरी दूध मिळालं, साय जाड, साखर घालायची गरजच नाही. मोथ्याकडे हल्ली स्ट्रॉबेरीही पिकते. वहिनींनी दोन डबे घेऊन स्कूटरच्या साइडकारमध्ये ठेवले.

दादाची बुलेट सगळ्यात पुढे. नव्या पकडीवर रात्री खडूनं रेघ मारली होती, पकड आणि नळी दोन्हींवरून जाणारी. चिखलदऱ्याला पोचल्यावर पहिलं काम ती रेघ पाहण्याचं केलं. रेघ एका सरळीत होती. पकड तसूभरही हलली नव्हती.

चिखलदरा साधारण ११०० मीटर उंचीवर. कीचकाला भीमानं इथल्या दरीत टाकलं, कीचकदऱ्याचं चिखलदरा झालं, असं सांगतात. संध्याकाळी गाविलगड किल्ल्यावर गेलो. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेनं हा किल्ला घेतला. त्या फौजेनं जड तोफा डोंगरातून वाटा काढत बैलांनी आणि माणसांनी ओढून वर चढवल्या होत्या. दिवसभर घाट चढून आल्यावर त्या बैलांचे काय हाल झाले असतील ते वाचून समजतं त्याहून जास्त समजलं. किल्ल्यातली तटबंदी ढासळते आहे, दरवाज्यांवर झाडं उगवली आहेत. एवढ्या मोठ्या किल्ल्याची राखण याहून चांगली व्हायला हवी.

सोमवार : चिखलदरा, सेमाडोह, परतवाडा

मेळघाटातून जायचं म्हणून नियम आधीच ठरवले होते. गाड्यांमध्ये लांब अंतर, हॉर्न नाही, मधे उतरणं नाही, कुठे थांबायचं तर वस्तीतच. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाले तेव्हा पहिल्या नऊंत मेळघाट होता. इथे रस्ता वापरायची मुभा आहे, मिरवायची नाही. येझदीच्या दोन्ही सायलेन्सरना मालकानं आतून जाळी घातली होती, त्यामुळे तिचा आवाज निम्म्यावर आला.

सेमाडोहला सिपना नदीकाठी जेवण. एका कोरकू घरातल्या तरुणानं स्कूटरची साइडकार बराच वेळ न्याहाळली. त्याला एकच विचारायचं होतं : बाळंतिणीला यात झोपवून नेता येईल का? वस्तीपासून दवाखाना लांब, पावसाळ्यात मोठी गाडी वर येत नाही, मोटरसायकलवर बाईला मधे बसवून नेतात. मी त्याला खरं ते सांगितलं. बसून नेता येईल, पूर्ण आडवं झोपवून या डब्यात नाही, आणि पहिल्या पावसानंतरच्या चिखलात तिसरं चाक दोन चाकांपेक्षा आधी रुततं. युरल नावाच्या रशियन गाडीत काही मॉडेलला साइडकारच्या चाकालाही इंजिनची ताकद मिळते, ती चिखलातून निघते, पण तिची साइडकार उजवीकडे असते आणि किंमत त्याच्या आवाक्याबाहेर. त्यानं डब्याची लांबी वितीनं मोजून घेतली. मीही वहीत लिहून घेतलं. लांब डबा आणि जाड टायर लावून काय करता येईल, हा विचार डोक्यातून जात नाही.

घटांगवरून उतार. उतारावर साइडकारची गाडी चढापेक्षा जास्त सांभाळावी लागते. आमच्या साइडकारच्या चाकाला ब्रेक नाही, त्यामुळे ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या एसटीच्या अंगावर जाऊ पाहते. म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच्या जोरावर उतरायचं, ब्रेकला नुसती बोटं लावायची. सगळे नीट उतरलो.

मिस्त्री शेडबाहेर वाट बघत होते. दादानं त्यांना साइडकारमध्ये बसवून अचलपूरपर्यंत नेलं, बिच्छन नदीच्या पुलावरून परत आणलं. उतरल्यावर त्यांनी पहिल्यांदा खाली वाकून पकड पाहिली, मग आमच्याकडे.

मंगळवार : अंजनगाव, दर्यापूर, मूर्तिजापूर

आता सगळी काळी जमीन, पूर्णेचं खोरं. हा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारट, म्हणून हरभरा आणि तूर बरीचशी जमिनीतल्या ओलीवर. रेडिएटर नसलेल्या गाड्यांना पाण्याची काळजी नाही, माणसांना आहे. अंजनगावातच पाण्याचे डबे भरून घेतले.

शेंडगाव रस्त्यात, गाडगेबाबांचं जन्मगाव. आईला तिथे जायचं होतं, शनिवारपासून तिनं ते मनात धरलं होतं. गेलो.

दर्यापूरच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर दोन जण येऊन म्हणाले, आमच्या वाड्यात अशीच एक चौकट पडली आहे, चला. आम्ही गेलो. गोठ्याच्या मागे, पऱ्हाटीच्या ढिगाखाली, साइडकारची चौकट निघाली. पानपट्ट्यांची स्प्रिंग, एक चाक, त्याचे अर्धे आरे तुटलेले. आणि ओसरीवर झाकून ठेवलेली बुलेट, १९५० च्या दशकातल्या घडणीची. या घरातले आजोबा गावातल्या आजाऱ्यांना यात बसवून मूर्तिजापूर स्टेशनला न्यायचे, तिथून पुढे रेल्वेनं. अचलपूरहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला, ती अरुंद रुळांची आगगाडी, तेव्हा चालू होती. आता ती बंद आहे. गाडीही बंदच.

नातवाला गाडी विकायची नाही. नागपूरहून दोनदा गिऱ्हाईक आलं, त्यानं नाही म्हटलं. त्याला ती चालवायची आहे. आम्ही जमिनीवर बसून पाहणी केली. चौकटीची नळी एका जागी वाकलेली, पण गंजून पातळ झालेली नाही. टाकी आतून खराब. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी धरतं आणि जुने रबर, बुचाच्या कॉर्कच्या सीट खातं, म्हणून टाकीला आतून लेप द्यावा लागेल आणि सगळे पाइप बदलावे लागतील. इंजिन किकला फिरतं, ही मोठी गोष्ट. कागदपत्रं लोखंडी पेटीत जपलेली, गाडीच्या नोंदणी पुस्तकात साइडकारची नोंदही आहे. ती नोंद नसेल तर आरटीओत वेगळी परवानगी घ्यावी लागते, इथे ते काम वाचलं. ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी निघाली आहे, पण त्या नोंदणीवर रोज गाडी वापरता येत नाही. नातवाला बाजाराला जायचं आहे, म्हणून त्यानं जुनीच नोंदणी नूतनीकरण करून घ्यावी असं ठरलं.

मूर्तिजापूरला संध्याकाळी पोचून कामाची वाटणी केली. हरभरा निघेपर्यंत नातवाला सवड नाही, म्हणून सुरुवात होळीनंतर. नळी सरळ करणं आणि चाकाचा हब परतवाड्याच्या मिस्त्रींकडे. फोन केला तर म्हणाले, आणा. त्या बुलेटला ठिणगीसाठी मॅग्नेटो नाही, डिस्ट्रिब्युटर आहे, तो दादा बघेल. आरे आणि रिम मी वर्ध्याहून आणतो. जुळवणी मात्र वाड्याच्या अंगणातच, नातवाच्या आजीला साइडकारमध्ये बसवून.